पहिल्या बर्फीत नसलेला कापूर

दसऱ्यातल्या आयुधपूजेच्या दिवशी शहराबाहेरच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात जी बर्फी खाऊन नऊ माणसे मेली, तिच्यात कापूर नव्हता. दिवाळी उलटल्यावर बनशंकरीतल्या एका वसतिगृहात विषारी बर्फीचा पुडा आला. त्या बर्फीत कापूर होता. कार्तिक संपता संपता एका शिकवणीवर्गात तसाच पुडा आला, त्यातल्या बर्फीतही होता. पहिला पुडा ठेवणारा माणूस या सर्व काळात कोठडीत होता.

१९९६ सालच्या डिसेंबरात तपास अधिकाऱ्यांनी या गोष्टी, कापराविषयी काही छापायचे नाही या अटीवर, पत्रकारांपुढे प्रथमच एकत्र मांडल्या. वसतिगृहातल्या कापराची वाच्यता त्यांनी तोवर मुद्दाम होऊ दिली नव्हती. त्यांचा निष्कर्ष असा, की त्या माणसाचा एक साथीदार बाहेर मोकळा आहे, त्याला मिठाईतले कळते आणि हात बसत गेला तशी त्याने पद्धत सुधारली आहे. साथीदार म्हणून त्यांनी रघुपती आचारी यांना ताब्यात घेतले होते. रघुपती पूर्वी त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये होते. आता बसवनगुडीतल्या देवळांना प्रसादाचे लाडू करून देत. त्या लाडवांत खायचा कापूर पडतो, हे त्या भागातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते.

सौम्या दुसऱ्या रांगेत बसून हे ऐकत होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती 'नगरसाक्षी' या कन्नड सायंदैनिकात उपसंपादक झाली होती. त्यामुळे घरच्यांच्या मते तिचे शिक्षण वाया गेले होते आणि सहकाऱ्यांच्या मते ते अजून अंगातून गेले नव्हते. 'सुधारली' हा शब्द तिला खटकला. कापराने त्या विषाचे काहीच झाकले जात नाही. उलट, शिकवणीवर्गातल्या मुलांनी बर्फीला पूजेचा वास येतो म्हणून ती तोंडातही घातली नव्हती. वसतिगृहातल्या दोघांचे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. ज्या बदलाने काम बिघडते त्याला सुधारणा म्हणत नाहीत.

'नगरसाक्षी'चे कार्यालय गांधी बाजारच्या मागच्या गल्लीत होते आणि संपादक बिंदुमाधव तिथून हाकेच्या अंतरावर राहत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी लष्कराबरोबर इकडे आले आणि परत जायचे राहून गेले. घरात मराठी, दारात कन्नड आणि रागावले की इंग्रजी, अशी त्यांची वाटणी होती. सारे कार्यालय त्यांना बिंदुअण्णा म्हणे.

बोम्मसंद्र्याची बातमी आली तेव्हा बिंदुअण्णांनी जे केले, त्याची चर्चा शहरातल्या सगळ्या छापखान्यांत झाली होती. इतर पत्रांनी खुन्याचे नाव ठळक अक्षरांत दिले, रंगीत छायाचित्र दिले, त्याच्या शाळेतल्या बाकापर्यंत जाऊन आले. 'अपमानित बुद्धिमंताचा सूड' असे एका मथळ्यात होते. वास्तविक कामावरून काढलेल्या त्या माणसाच्या बुद्धिमत्तेची त्या पुड्याखेरीज दुसरी कसलीही खूण कुणाला सापडली नव्हती. 'नगरसाक्षी'च्या पहिल्या पानावर त्याचे नाव नव्हते, चेहरा नव्हता. तिथे नऊ जणांची छायाचित्रे होती आणि प्रत्येकाखाली तो माणूस कोण होता ते दोन ओळींत लिहिले होते. खप उतरला. मालक प्रतापराव म्हणाले, लोक पेपर घेतात, उलटून बघतात आणि विचारतात, मारलं कुणी ते कुठंय?

सौम्याने तेव्हा बिंदुअण्णांना सरळ विचारले होते, "अण्णा, नाव छापलं की दुसरा कुणी पेटतो, याला पुरावा काय?"

"पक्का नाही."

"मग?"

"मग नाव छापून काही होत नाही, याचा तरी कुठं आहे? दोन्हीकडं अंधार असला तर दिवा लागेपर्यंत चाकू खाली ठेवायचा. एवढंच करतो मी."

पुराव्याचे ओझे कुणी उचलायचे, हे इतक्या कमी शब्दांत तिला विद्यापीठातही कुणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून ती त्या माणसाला मनातून मानू लागली. चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिले नाही.

पत्रकार परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रघुपतींची बायको भागुबाई कार्यालयात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"बाकीच्यांनी आमच्या माणसाचं नाव छापलं, फोटो छापला," ती सौम्याला म्हणाली. "तुमच्या पेपरात नाही आलं. म्हणून इथं आले, अक्का. देवळाच्या लोकांनी सांगितलंय, लाडू आता दुसऱ्याकडनं घेतो म्हणून. पोरीला शाळेत 'विषाची मुलगी' म्हणतात."

"वकील केलाय का?"

"केलाय. तो स्वल्प थांबा म्हणतो. मी थांबते हो, पण ते आत आहेत ना." मग पदर खोचत तिने खालच्या आवाजात विचारले, "बर्फीत पूजेच्या वड्या घातल्या होत्या, असं वकील म्हणतो. खायचा कापूर निराळा, जाळायचा निराळा. हे न कळणारा आचारी असतो का कुठं?"

"ज्याला फरक कळतो तोही जाळायचा कापूर घेऊ शकतोच की," सौम्या म्हणाली. वाक्य तर्काला धरून होते. ते पुरे होईपर्यंत तिला त्याची लाज वाटू लागली.

भागुबाईने तिच्याकडे पाहिले. "सरी, बरोबर. तुम्ही शिकलेल्या. पण मग मला एवढंच सांगा, घातलाच कशाला तो? कुणीही असो. कशाला घातला?"

प्रश्न नेमका होता आणि सौम्याच्या मनात आदल्या दिवसापासून तोच घोळत होता. कापराचा उपयोग नव्हता. तरीही दोन ठिकाणी, दोन पुड्यांत, तोच, जाळायचा, चुरलेला. उपयोग नसताना माणूस एखादी गोष्ट करतो ती उपयोग आहे अशा समजुतीने. एकाची समजूत आपली आपण झाली असेल. दोघांची तीच समजूत व्हायला ती कुठूनतरी यावी लागते. तिसऱ्याने दुसऱ्याकडून घेतली म्हणावे तर वसतिगृहातला कापूर पोलिसांखेरीज कुणाला माहीत नव्हता. दोन्ही पुडे एकाच माणसाचे असतील, तरी त्या एकाला ती समजूत कुणी दिली हा प्रश्न उरतोच. आणि पहिल्या माणसाने द्यावी, तर त्याच्या बर्फीत कापूरच नव्हता.

म्हणजे, ज्याने कुणी हे केले, त्याला पहिल्या बर्फीत कापूर होता असे वाटत होते.

कार्यालयात शहरातल्या सगळ्या पत्रांचे गठ्ठे असत. सौम्याने दसऱ्यानंतरच्या आठवड्याचे सगळे काढले आणि जमिनीवर पसरून एकेक वाचला. नावे होती, छायाचित्रे होती, कुंडलीसुद्धा होती. कापूर कुठेच नव्हता. शेवटी, केवळ पद्धत म्हणून, तिने आपल्याच पत्राचा गठ्ठा सोडला.

पहिल्या पानावर, नऊ छायाचित्रांच्या खाली, तिने तेव्हा वाचून विसरलेले ते वाक्य होते. 'विषाचा वास लपावा म्हणून खुन्याने पूजेच्या कापराच्या वड्या चुरून बर्फीत मिसळल्या होत्या.' वर नाव होते बिंदुमाधव यांचे.

तिच्यापुढे दोन रस्ते होते आणि त्यांतला एक फार सोपा होता. पोलिसांनी ते वाक्य पाहिले नव्हते, किंवा पाहून सोडून दिले होते. कन्नड सायंदैनिक कोण जपून ठेवतो? गठ्ठा बांधून जागेवर ठेवला असता, तर शहरात खुन्याचे नाव न छापणारे एक पत्र होते ही गोष्ट तशीच राहिली असती. फक्त रघुपती आत राहिले असते.

बिंदुअण्णांच्या टेबलावर जत्रेतल्या भाजलेल्या शेंगांचा ढीग होता. कार्तिकातली भुईमुगाच्या शेंगांची जत्रा संपली तरी बसवनगुडीतल्या घराघरांत त्या आठवडाभर पुरतात.

"ये. शेंगा खा," ते म्हणाले. "तोंड असं का? विज्ञान हरलं की काय कुणाकडनं?"

तिने अंक त्यांच्यापुढे ठेवला आणि वाक्यावर बोट ठेवले. मग आपला तर्क पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला, कुठेही मऊ न करता. बिंदुअण्णा ऐकत होते. हातातली शेंग त्यांनी फोडली नाही.

"मी वास घेतला होता," शेवटी ते म्हणाले. "त्या दिवशी पंचनामा चालू होता तेव्हा मी तिथं उभा होतो. रिकामा पुडा माझ्या नाकापासून हातभर लांब होता. कापराचाच वास होता, सौम्या. नाकानं सांगितलं ते लिहिलं."

"नाकानं वास सांगितला, अण्णा. 'चुरून मिसळल्या' हे नाकानं नाही सांगितलं."

"नाही," ते म्हणाले. "ते मी सांगितलं. खाण्याच्या वस्तूला कापराचा वास आला, म्हणजे कुणीतरी तो आत घातला, असं धरलं. आमच्या घरी तीर्थाला येतो ना, तसा." मग त्यांनी विचारले, "पण पहिल्या बर्फीत कापूर नाही म्हणणारी प्रयोगशाळा चुकली असेल तर? कापूर उडतो. तूच सांगत होतीस मागं."

ही शंका तिलाही आली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या बचावासाठी काढली नव्हती हे त्यांच्या आवाजावरून तिला कळले. उत्तर खरोखरच हवे होते.

"असू शकेल," ती म्हणाली. "बर्फीत कापूर नव्हता असं म्हणायचं, तर वास कुठनं आला ते दाखवायला हवं. नाहीतर हा माझाही तर्कच."

"मग चल," बिंदुअण्णा उठले. "जिथं वास घेतला तिथंच जाऊ."

होसूर रस्त्यावरच्या ट्रकांमागून रांगत त्यांची गाडी बोम्मसंद्र्याला पोचली. पाळीचा पर्यवेक्षक अजित त्यांना आत घेऊन गेला. त्याच्या विभागातले चौघे त्या नऊ जणांत होते. 'नगरसाक्षी'चे ते पहिले पान त्याने यंत्रशाळेच्या भिंतीवर चिकटवले होते. बिंदुअण्णांनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि नजर वळवली.

"पुडा होता कुठं, लोकांना वाटण्याआधी?" सौम्याने विचारले.

"पूजेच्या कपाटात. कंपनीचे पुडे होते, त्यांच्यातच त्यानं आपला सरकवला होता." अजितने एक लोखंडी कपाट दाखवले. "वर्षभर त्यात यंत्र पुसायची फडकी असतात. आयुधपूजा आली की कुंकू, उदबत्त्या, कापूर, सगळं तिथंच. यंत्रं पंचवीस, आरत्या पंचवीस. कापूर किलोनं येतो, मॅडम."

त्याने दार उघडले. दसरा होऊन दोन महिने झाले होते. आत एका कोपऱ्यात फाटलेल्या पाकिटातून कापराच्या वड्या सांडल्या होत्या, आणि शेजारी कोऱ्या फडक्यांची चळत होती. सौम्याने वरचे एक फडके घेऊन हुंगले आणि बिंदुअण्णांकडे दिले.

त्यांनी ते नाकाशी धरले. एकदा, आणि मग डोळे मिटून पुन्हा.

"फडकी पुसायला घेतली की सगळ्या यंत्रांना देवळासारखा वास येतो," अजित म्हणाला. "चहाचे ग्लास एकदा ठेवले होते चुकून. चहा कुणी पिईना. तीर्थ म्हणून घ्या म्हटलं."

बिंदुअण्णा हसले नाहीत. "हाच," ते म्हणाले. "अगदी हाच वास. मी हे कपाट उघडून बघायला हवं होतं. माझ्यापासून सहा पावलांवर होतं."

परतताना ते गाडीतून बाहेर बघत होते. मग मराठीत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "नाव दिलं नाही, फोटो दिला नाही, याचा काय ताठा होता मला. बाकीच्यांनी चेहरा विकला, मी पाककृती फुकट वाटली."

"चुकीची पाककृती," सौम्या म्हणाली. "म्हणून तर सापडली."

"हे सांत्वन म्हणून सांगतेस?"

"नाही. निरीक्षण म्हणून."

"मग चालेल," ते म्हणाले.

दुपारी प्रतापराव कार्यालयात आले. हे गृहस्थ वाईट नव्हते. पत्र तोट्यात असतानाही त्यांनी कुणाचा पगार थांबवला नव्हता. पण त्यांना तोटा दिसे आणि बाकीचे फारसे दिसत नसे.

"बिंदू, पोलिसांना सांग, कानात सांग. आचारी सुटेल. छापायचं कशाला?"

"आचाऱ्याचं नाव कानात बदनाम झालं नाही, प्रतापराव. पानावर झालं."

"आपल्या पानावर नाही."

"कापूर आपल्या पानावर होता."

प्रतापरावांनी एक शेंग उचलली. "हे बघ, उलटं बघ. शिकवणीतली पोरं वाचली ती कापराच्या वासानं. तुझ्या चुकीनं वाचली! हे लिही हवं तर."

"आणि वसतिगृहातली दोघं?" बिंदुअण्णा शांतपणे म्हणाले. "वाचवल्याचं श्रेय घ्यायचं तर मेलेल्यांची जबाबदारीही त्याच पावतीवर येते. मला दोन्हीचा हिशेब येत नाही. मला एवढंच येतं, की मी न पाहिलेलं लिहिलं आणि ते कुणीतरी केलं."

"लोक हसतील. म्हणतील, शहाणपण शिकवत होते."

"हसू देत. त्यांचा हक्क आहे तो."

प्रतापरावांनी सौम्याकडे पाहिले. "ही काय म्हणते? हिनंच काढलं ना हे?"

"मी काही म्हणत नाही," सौम्या म्हणाली. "पण एक अडचण आहे. दुरुस्तीत कापराचं खोटं होतं असं लिहिलं, तर पुढच्या माणसाला आपण सांगतो की कापूर घालू नकोस. म्हणजे पाककृती सुधारून देतो."

या अडचणीचा विचार दोघांनीही केला नव्हता. बिंदुअण्णांनी कागद ओढला आणि लिहायला बसले. तीन वेळा लिहून तीन वेळा फाडले. सौम्या पाहत होती. चूक छापून मोकळे होणारे संपादक तिने पाहिले होते. चूक छापतानाही ती दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून शब्द मोजणारा माणूस ती प्रथमच पाहत होती. चौथ्या वेळी त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

मजकूर असा होता. 'बोम्मसंद्र्याच्या हत्याकांडाची जी बातमी याच जागी माझ्या नावाने छापली होती, तिच्यात गुन्ह्याच्या पद्धतीविषयी एक तपशील होता. तो मी पाहिलेला नव्हता. कल्पनेने लिहिला होता. नंतरच्या दोन गुन्ह्यांत तोच तपशील आढळला आहे. तो शहरात दुसऱ्या कुणीही छापलेला नव्हता. म्हणून तो त्या गुन्ह्यांत आमच्या पत्रातून गेला असे मी मानतो, आणि त्याच्या आधारावर श्री. रघुपती यांच्यावर घेतलेल्या संशयाला मी कारण आहे. तो तपशील कोणता, हे पोलिसांना सांगितले आहे. वाचकांना सांगणार नाही. तो एकदा सांगितला तेवढा पुरे. यापुढे या पत्रात खुनाची कृती छापली जाणार नाही.'

"'मी मानतो' च्या जागी 'असे दिसते' हवं," सौम्या म्हणाली.

"का?"

"करणारा अजून सापडला नाही. तोवर तर्कच आहे."

बिंदुअण्णांनी खोडून दुरुस्त केले. प्रतापरावांनी तो कागद वाचला, मग पुन्हा वाचला, आणि खाली ठेवला.

"निदान आतल्या पानावर," ते म्हणाले.

"ती बातमी आतल्या पानावर होती?"

प्रतापराव निघाले. दाराशी जाऊन थांबले. "टाक," ते म्हणाले. "बॉक्समध्ये टाक, म्हणजे दिसेल तरी."

पान छपाईला गेल्यावर बिंदुअण्णा कापराच्या वाक्याचा तो जुना अंक आणि कपाटातले ते फडके घेऊन स्वतः तपास अधिकाऱ्यांकडे गेले. अधिकारी अनुभवी होते. रागावण्याआधी त्यांनी फडके हुंगून पाहिले. त्यानंतर त्यांच्या माणसांनी साथीदार शोधणे सोडले आणि वाचक शोधायला सुरुवात केली.

रघुपती सुटले त्या संध्याकाळी भागुबाई त्यांना घेऊन कार्यालयात आली. उंच, गप्प माणूस होता. बिंदुअण्णा उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "तुमच्यावर हे माझ्यामुळं आलं."

रघुपतींनीही हात जोडले. "लाडू दुसऱ्या कुणी केले या दिवसांत," ते म्हणाले. "कापूर जास्त घातलाय. ते छापा."

भागुबाई हसली, बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. बिंदुअण्णांनीही शेवटी एक शेंग फोडली. देवळाने पुढच्या सोमवारपासून लाडू पुन्हा रघुपतींकडून घेतले.

'नगरसाक्षी'चा खप त्या महिन्यात आणखी उतरला. इतर पत्रे दोन आठवडे हसली. मग एका मोठ्या इंग्रजी पत्राचे वृत्तसंपादक, आपले नाव येऊ नये या अटीवर, बिंदुअण्णांना फोन करून विचारू लागले की कृती न छापण्याचा नियम तुम्ही नेमका कसा लिहिला आहे. बिंदुअण्णांनी तो कन्नडमध्ये सांगितला आणि भाषांतर त्यांचे त्यांना करायला लावले. सौम्या शेजारच्या टेबलावरून ऐकत होती. हाताशी पुरावा नसताना तिने एक मत बनवले, की या शहरात तिला यापेक्षा चांगला वरिष्ठ मिळणार नाही. ते मत तिने पुढे कधी तपासूनही पाहिले नाही.

फेब्रुवारीत वसतिगृहाच्या गुन्ह्यातला माणूस पकडला गेला, आणि पंधरवड्यात शिकवणीवर्गातला. दोघे एकमेकांना ओळखत नव्हते, रघुपतींना ओळखत नव्हते, आणि पहिल्या खुन्याला कधी भेटलेले नव्हते. दोघेही 'नगरसाक्षी' वाचत. कापूर कशासाठी घातला, असे विचारल्यावर दोघांनीही वेगवेगळ्या दिवशी एकच उत्तर दिले: पहिल्याने घातला होता म्हणून.

सौम्याने बिंदुअण्णांच्या खोलीत जाऊन हे सांगितले. त्यांनी दप्तरात ठेवलेला दुरुस्तीचा जुना मजकूर काढला, छापण्यासाठी नव्हे तर दप्तरासाठी 'असे दिसते' हे शब्द खोडले आणि त्याखाली सत्यस्थिती लिहिली, जशी ती होती. बोम्मसंद्र्याचा पुडा कापराच्या कपाटात ठेवलेला होता, म्हणून पुड्याला वास लागला. बिंदुमाधव यांनी तो वास बर्फीचा समजून तसे छापले. पुढच्या दोघांनी ते वाचले आणि बर्फीत कापूर घातला.